अध्यक्षांचं दप्तर

आमच्या पेठेत ‘अध्यक्ष!’ अशी नुसती हाक मारून बघा. सात-आठ माना एकदम वळतात आणि पलीकडून जाणारा रिक्षावालाही ब्रेक दाबतो, कारण तो स्टॉपचा अध्यक्ष असतो. तालमीचा अध्यक्ष, तरुण मंडळाचा अध्यक्ष, भिशीचा अध्यक्ष, आणि ज्याला यातलं काहीच मिळालं नाही तो माजी अध्यक्ष. त्यामुळे अमेरिकेच्या अध्यक्षाची बातमी कोल्हापुरात कुणी परदेशातली म्हणून वाचत नाही. भावकीतली म्हणून वाचतात.

आमचे तात्या अकरा वर्षं मंडळाचे अध्यक्ष होते. परवा सकाळी ते आले ते पेपर हातात घेऊन आणि तोंड उतरवून.

“लेका, ह्ये खरं हाय? तिकडं अध्यक्ष खुर्चीवरनं उतरला की समदे कागद सरकारात जमा करायचे?”

“खरं आहे तात्या. कायदाच आहे, १९७८ चा.”

“समदे?”

“चिठ्ठीचपाटीसुद्धा.”

तात्या मटकन बसले. “मग माणूस अध्यक्ष व्हतोच कशाला?”

प्रश्न रास्त होता. अमेरिकेलासुद्धा त्याचं उत्तर शोधायला पावणेदोनशेहून जास्त वर्षं लागली. वॉशिंग्टनपासून अध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मिळकत समजली जाई. घरी न्या, जाळा, नाहीतर पोराला द्या. लिंकनच्या पोराने बापाचे कागद काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिले खरे, पण मी मेल्यावर एकवीस वर्षं गाठोडं सोडायचं नाही अशी अट घातली. ते सुटलं जुलै १९४७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे माउंटबॅटनसाहेबांची घाई चालली होती तेव्हा. हे सगळं सुखाने चाललं असतं. घाण केली ती निक्सनने.

निक्सनने १९७१ च्या फेब्रुवारीपासून स्वतःच्या कचेरीत टेप लावून ठेवली. आपण बोलू ते इतिहासाला लागेल अशी त्याची समजूत. तशी समजूत आमच्या पेठेतल्या प्रत्येक वक्त्याची असते, पण तो बिचारा निदान मंडपवाल्याचा स्पीकर वापरतो. निक्सनच्या यंत्राने अडीच वर्षांत सुमारे ३,७०० तास गिळले. पुढे वॉटरगेट झालं, टेपा मागवल्या, आणि २० जून १९७२ च्या टेपेत साडेअठरा मिनिटं नुसती खरखर निघाली. त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी सांगितलं की फोन घ्यायला वळले तेव्हा माझा पाय पेडलवर राहिला आणि काही भाग पुसला गेला. बाईंनी तो अवघड योगासनासारखा ताण फोटोग्राफरसमोर करूनही दाखवला. तरी देशाचा विश्वास बसला नाही.

“साडेअठरा मिनिटं?” तात्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. “आरं, एवढ्यात आमची अख्खी वार्षिक सभा हुती. अहवाल, ताळेबंद, हिशेब तपासनीस नेमणं, आयत्या वेळचे विषय. वर च्या.”

यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. आमच्या जिल्ह्याने सहकाराला साखर दिली, दूध दिलं आणि ‘मंजूर, मंजूर’ दिलं. विषय क्रमांक एक वाचायला सचिव चष्मा शोधतात तोवर मागच्या खुर्च्यांवरून विषय क्रमांक नऊ मंजूर झालेला असतो. विरोधक उठला की नेमकी त्याच वेळी माइकची वायर निघते. तीवर कुणाचा पाय पडला हे विचारायला इथे कुठली समिती बसत नाही. निक्सनची चूक एकच. आधी सभा, मग टेप, मग पुसापुशी, हा उलटा क्रम त्याने धरला. आमच्याकडे प्रोसिडिंग आधी लिहून तयार असतं आणि सभा त्याबरहुकूम होते. पुसायला काही उरतच नाही.

“पर मला येक सांग,” तात्या खुर्ची पुढे ओढत म्हणाले, “त्या टेपात आपल्याबद्दल काय हाय?”

आता आली का पंचाईत! काय सांगणार? १९७१ च्या ४ नोव्हेंबरला इंदिरा गांधी निक्सनना भेटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि त्याचे सल्लागार किसिंजर चहापानाला बसावं तसे बसले आणि बाईंची उणीदुणी काढू लागले. म्हातारी चेटकीण इथपर्यंत गाडी गेली. भारतीयांच्या जातकुळीबद्दल किसिंजरसाहेब जे बोलले ते हे सदर घराघरांतल्या आज्या वाचतात म्हणून गाळतो. हे सगळं २००५ मध्ये छापून आलं, आणि छापलं कुणी? अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्याने. लिंकनच्या काळापासून, १८६१ पासून, त्या खात्याची आपल्या परराष्ट्र व्यवहाराचे कागद खंडाखंडांनी छापायची रीत आहे. दक्षिण आशियातल्या पेचाचा खंड निघाला तो चौतीस वर्षांनी. किसिंजर तेव्हा हयात होते. त्यांना खेद व्यक्त करावा लागला, तेव्हाच्या तापल्या वातावरणाचं निमित्त सांगून.

आणि त्याच कागदांत ढाक्यातला अमेरिकेचाच वाणिज्यदूत, आर्चर ब्लड, एप्रिल १९७१ मध्ये स्वतःच्या सरकारला तारेने झापतो आहे की इथे माणसं मरताहेत आणि तुम्ही गप्प आहात, तेही आहे. ब्लडची बदली झाली. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात अमेरिकेची ‘एंटरप्राइज’ युद्धनौका आली. पण तार फाडली नाही.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे आपल्या बाईला शिवी दिली, ती जपून ठिवली, आन चौतीस वर्सांनी सवताच छापली?”

“तळटिपांसकट. आणि जिथे एखादी ओळ अजून गुप्त ठेवायची आहे, तिथे किती ओळी गाळल्या तेही कंसात लिहितात.”

“चोरी किती तोळ्याची केली, त्येची पावती!” तात्यांनी कपाळावर हात मारला. “ही मान्सं शानी म्हणायची का येडी?”

मला वाटतं दोन्ही. पण हे तात्यांना सांगितलं असतं तर ते चहा न घेताच उठले असते.

तात्यांचं राष्ट्रप्रेम मात्र डिवचलं गेलं होतं. कोल्हापूरकराला चार चांगल्या गोष्टी दुसऱ्या गावाच्या सांगितल्या की पाचवी तो स्वतःच्या गावाची सांगतो आणि मग पहिल्या चार ऐकू येत नाहीत. “आपल्याला नव्हतं व्हय परराष्ट्र धोरण?” त्यांनी मांडी ठोकली.

होतं तर! आणि वयाने वडील होतं. १३ एप्रिल १७३१ रोजी साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात वारणेचा तह झाला. त्या वेळी अमेरिका नावाचा देश जन्मायला पंचेचाळीस वर्षं अवकाश होता. दोन चुलतभावांनी वारणा ही हद्द धरली, अलीकडे कोल्हापूर आणि पलीकडे सातारा, आणि तहात एक फार गोड कलम घातलं. तुमच्याकडचे चाकर आम्ही ठेवून घ्यायचे नाहीत, आमच्याकडचे तुम्ही ठेवून घ्यायचे नाहीत. दोनशे चौपन्न वर्षांनी, १९८५ मध्ये, दिल्लीने पक्षांतरबंदीचा कायदा केला तेव्हा वारणेकाठी कुणी विचारायला आलं नाही. आलं असतं तर सांगितलं असतं की कलम उत्तम आहे, चाकर तेवढे मानत नाहीत.

पुढे १८१२ मध्ये कोल्हापूरने कंपनी सरकारशी करार केला, मालवण दिलं आणि दुसऱ्याशी भांडायचं झालं तर आधी इंग्रजाला विचारायचं कबूल केलं. तिथून आमचं परराष्ट्र धोरण दुसऱ्याच्या गुऱ्हाळात गाळायला गेलं. भांडायची हौस तेवढी शिल्लक राहिली. ती पेठापेठांनी वाटून घेतली आणि हल्ली फुटबॉलच्या मैदानावर भागवली जाते.

या संस्थानाचं दप्तर मात्र आहे. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, राजे गेले, दरबार गेला, कागद राहिले. राज्य शासनाचं पुराभिलेखागार कोल्हापुरात आहे आणि तिथे रुमालांत बांधलेले गठ्ठे आहेत. अमेरिकेला आपली गुपितं झाकायला शिक्के लागतात, तिजोऱ्या लागतात, काळी शाई लागते, वर पंचवीस वर्षांनी उघडायचे नियम लागतात. आम्ही यातलं काही केलं नाही. आम्ही शाळेतून मोडी काढून टाकली. झालं! कागद समोर ठेवा, दिवा लावा, दार उघडं टाका, नातू आजोबाच्या आजोबाचं एक अक्षर वाचू शकत नाही. इतकी बिनखर्चाची गुप्तता वॉशिंग्टनला साधली नाही. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग चालवतं, चार जिद्दी पोरं-पोरी शिकतातही, आणि मला त्यांची थोडी भीतीच वाटते. का ते शेवटी सांगतो.

आमच्याकडे दुसरीही एक सोय आहे, ती पंचगंगेने केली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोराला पाढ्याच्या आधी पाठ असतं. २०१९ चा महापूर पंचावन्न फुटांच्या वर गेला. माणसांचे संसार गेले, ते दुःख खरंच. पण त्या पुराने काही मंडळींना जन्माचं उत्तरही दिलं. एका कार्यालयात मी वडिलांच्या वेळचा एक साधा उतारा मागायला गेलो होतो. समोरच्या साहेबांनी कपाटाकडे मान न वळवता सांगितलं, “पुरात गेला.” मी म्हटलं, साहेब, आपण तिसऱ्या मजल्यावर बसलोय. साहेब क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, “तेव्हा खाली होतो.” मागून शिपाई पुटपुटला, “खाली बँक हुती.” साडेअठरा मिनिटांवर देश पेटवणाऱ्यांनी एकदा इकडे येऊन बघावं.

“पर कागद ऱ्हाऊ दे,” तात्या म्हणाले, “अमेरिकेनं आपल्याशी काय केलं त्येचं दप्तर माझ्या पोटात हाय.” त्यांचं म्हणणं मिलोविषयी. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापताना आया रडकुंडीला येत आणि खाताना पोरं. त्याआधी साठीच्या दशकात अध्यक्ष जॉन्सनसाहेब तर भारताला गहू बोटी मोजून देत, एक संपत आली की दुसरी. इकडे पाऊस कुठे किती पडला यावर ते स्वतः नजर ठेवून असत. पंचगंगेच्या पातळीचे फोटो टाकणारा आमचा एखादा ग्रुप तेव्हा असता, तर साहेबांना पहाटे साडेपाचला ‘बंधारा ३१ फूट, सुप्रभात’ मिळालं असतं.

“आन त्ये काँग्रेस गवत? त्येच्याच गव्हातनं आलं न्हवं?”

इथे मी जरा शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, तात्या, सगळे म्हणतात अमेरिकेच्या पीएल-४८० मदतीच्या गव्हातून आलं. पण गवत पुण्यात दिसलं १९५५ च्या सुमारास, आणि त्या गव्हाचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ ला. आता १९५१ मध्ये ट्रूमनच्या वेळी वीस लाख टन गहू उधारीवर मिळाला होता, त्यातून आलं असेल तर देव जाणे. नुसत्या कागदावर गेलं तर गवत कराराच्या आधी उगवलंय.

तात्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “मग प्रोसिडिंग आधी लिवलं असंल,” ते म्हणाले.

यावर कुठलाही इतिहासकार निरुत्तर होईल.

अलीकडच्या अमेरिकन अध्यक्षांनी मात्र तात्यांना पुष्कळ धीर दिला. ट्रम्पसाहेब कागद वाचून झाला की फाडायचे आणि दोन कारकून ते तुकडे चिकटपट्टीने जोडत बसायचे, हे ऐकून तात्यांना वर्गणीच्या फाटक्या पावत्यांची आठवण झाली. साहेबांच्या घरी सरकारी कागदांची खोकी बाथरूममध्ये, संडासाच्या शेजारी रचल्याचा फोटो २०२३ च्या आरोपपत्रात लागला तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. “माळ्यावर जागा नसंल रं! आमची बी मखराची पट्टी न्हाणीघरातच असत्या.” पुढे खटला कोर्टाने काढूनही टाकला. आणि २०२५ च्या मार्चमध्ये येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा साहेबांच्या सरकारातल्या मोठ्या मंडळींनी मोबाइलच्या ग्रुपवर केली, संदेश आपोआप पुसले जातील असं बटण लावून, आणि त्या ग्रुपवर चुकून एका मासिकाच्या संपादकालाच घेतलं. हे ऐकून तात्या खळखळून हसले. मंडळाच्या ‘फक्त कोअर कमिटी’ ग्रुपवर चुकून पलीकडच्या तालमीतला साडू घेतला गेला होता, आणि देखावा कोणता करणार ते अनंत चतुर्दशीच्या आधी महिनाभर फुटलं होतं. महासत्ता आपल्याच वळणाने चालली आहे हे पाहून माणसाला बरं वाटतं.

एवढं होऊनही ते जाईनात. शेवटी पिशवीतून एक जुना कागद काढला. घडीवर चिरलेला, कडा कुरतडलेल्या, वर मोडीतले गिचमीड फराटे. घरात पाच पिढ्या हा कागद देव्हाऱ्यामागे आहे. छत्रपतींकडून मिळालेल्या इनामाची सनद, अशी ख्याती. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं. सोयरीक जमवताना त्याचा उल्लेख होतो. तात्यांच्या पहिल्या निवडणुकीच्या पत्रकावरही ‘इनामदार घराणे’ छापलं होतं ते याच आधारावर.

“तुझी पुतणी मोडीच्या वर्गाला जाती न्हवं? तिच्याकडनं वाचून घे. त्ये अमेरिकेवाले उघडत्यात, आपण काय कमी हाय?”

पुतणीला बोलावलं. तिने कागद खिडकीपाशी धरला, ओठ हलवत एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, “मोठ्यानं वाचू?”

“वाच की! लाजतीस कशाला?” तात्या ताठ बसले.

कागद इनामाचा नव्हता. तात्यांच्या खापरपणजोबांनी बैलाकरिता सतरा रुपये उसने घेतल्याचा आणि ते सुगीला व्याजासकट देण्याचा होता. खाली साक्षी होत्या. फेडल्याची नोंद नव्हती. आणि सावकाराचं घराणं पुतणीने वाचलं ते सध्या आमच्या वॉर्डात तात्यांच्या विरोधी गटाचं नेतृत्व करतं.

बाहेर रिक्षा गेली. तात्यांनी कागद हळूच परत घेतला, त्याच चिरलेल्या घड्यांवर घातला आणि पिशवीच्या तळाशी, पालेभाजीखाली सरकवला.

“त्या अमेरिकेत किती वर्सं झाकून ठिवत्यात म्हणालास?”

“पंचवीस. जास्त नाजूक असेल तर पुढेही वाढवतात.”

“वाढव,” तात्या म्हणाले, आणि दारातून वळून पुतणीला म्हणाले, “पोरी, तुला मोडी अजून नीट यायची हाय.”