समुद्रकाका

न्यू जर्सीतल्या मराठी घराच्या बेसमेंटमध्ये काय असणार, हे जिना उतरण्याआधीच माहीत असतं. टेबल टेनिसचं टेबल आणि त्यावर इस्त्रीला आलेले कपडे, गणपतीचं मोडून ठेवलेलं मखर, कोणे एके काळी हौसेने घेतलेली ट्रेडमिल. पण दर मंडळात एक तरी गृहस्थ असा असतो की त्याच्या जिन्यावरच निळा उजेड येतो आणि खालून पंपांची घरघर ऐकू येते. हा खाऱ्या पाण्याचा माणूस. घरात प्रवाळांची टाकी असलेला. गोल्डफिश पाळणाऱ्यांना तो माणसांत धरतो, रीफवाल्यांत धरत नाही. आमच्याकडच्या या गृहस्थांना मंडळाच्या पोरांनी ‘समुद्रकाका’ नाव ठेवलं, आणि काकांनी ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं.

काका मूळचे गिरगावचे. मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं ते आपल्यासाठीच, फक्त आपल्याला जन्माला यायला जरा उशीर झाला, असं ते सांगतात. पुढे नोकरीनिमित्त एडिसनला आले. मत्स्यपालनाची पुस्तकं आणि मासिक छापणारं टी.एफ.एच. हे प्रसिद्ध प्रकाशन याच राज्यात आणि तेही नेपच्यून नावाच्या गावात होतं, हे कळल्यावर त्यांनी तो समुद्रदेवतेचा कौल मानला. एरवी देवादिकांचं ते फारसं मनावर घेत नाहीत.

सकाळी चहाच्या आधी काका पाणी तपासतात. विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या आसपास, कॅल्शियम लिटरला 420 मिलिग्रॅम, तापमान 25 ते 26 सेल्सियस. बाहेरची थंडी ते फॅरनहाइटमध्ये सांगतात, टाकीचं तापमान सेल्सियसमध्ये. टाकीला सवंग वागणूक नको. सगळे आकडे वहीत उतरतात. स्वतःच्या रक्तातली साखर शेवटची कधी तपासली, ते मात्र काकूंना विचारावं लागतं. नळाचं पाणी आरओमधून गाळून त्यातलं सगळं काढायचं आणि मग मीठ कालवून सगळं परत घालायचं, हा सोहळा लग्नानंतर काकूंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा “मग काढलं कशाला?” एवढंच त्यांनी विचारलं होतं. उत्तर जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. तेव्हापासून काकू प्रश्न विचारत नाहीत. प्रवाळांच्या हाडांना कॅल्शियम मिळावं म्हणून रात्रभर टाकीत थेंबथेंब चुन्याची निवळी पडत असते. त्या भुकटीचा डबा जर्मन नावाने आणि चढ्या भावाने येतो. चुना नेमका कुणाला लागतोय, यावर काकूंचं मत वेगळं आहे.

2012 च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ न्यू जर्सीवर आदळलं आणि कित्येक वस्त्यांत दिवसचे दिवस वीज नव्हती. काकांनी जनरेटर काढला. पहिला मान टाकीच्या पंपांचा, दुसरा टाकीच्या हीटरचा. मग उरलं तर माणसांचं. फ्रीजरमध्ये दिवाळीच्या गुलाबजामांचा खवा होता. त्या दिवाळीचा विषय त्या घरात अजून कुणी काढत नाही.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण मग टाकीत शिंपला आला.

शिंपला म्हणजे आपल्या तिसऱ्या नव्हेत. ट्रायडॅक्ना. या कुळातला सगळ्यांत थोरला, गिगास, मीटरभराहून लांब आणि दोनशे किलोंहून जड होतो. काकांचा मॅक्सिमा हा त्याचा धाकटा चुलतभाऊ, तळहातावर मावेल एवढा. पलाऊसारख्या बेटांवर 1970 च्या दशकापासून या शिंपल्यांची शेती होते, आणि आपला शिंपला अशाच शेतातून रीतसर आलाय, ‘लीगल इमिग्रंट’ आहे, हे काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पुण्याच्या पुतण्याने “मलाही एक हवाय” म्हणून फोन केला, तेव्हा काकांनी त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा पाठ दिला. मॅक्सिमा तिथे पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. पुतण्याने गोल्डफिश घेतले.

हा प्राणी ऊन खाऊन जगतो. कवच उघडलं की निळी-जांभळी झालर बाहेर पसरते. त्या झालरीत सूक्ष्म शैवालं राहतात, ती उजेडात अन्न तयार करतात आणि घरमालकाला वाटा देतात. म्हणजे शिंपल्याच्या खाणावळीचं बिल काका वीज कंपनीला भरतात. झालरीच्या काठावर शेकडो बारीक डोळे असतात; सावली पडली रे पडली की शिंपला मिटतो. आता काकांना त्याला अगदी जवळून पाहायची हौस, आणि काका वाकले की त्यांचीच सावली पडते. परिणामी जो माणूस बिल भरतो त्याला मिटलेला शिंपला दिसतो, आणि लांब सोफ्यावर चिवडा खात बसलेल्या आमच्यासारख्यांना पूर्ण उमललेला. एकदा काकूंचे मालवणचे मामा आले होते. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, “एवढ्या मोठ्या तिसऱ्याची एकशिपी करूक कढई खंय गावतली?” काका त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

काकांनी स्वतःच्या लग्नात पत्रिका पाहू दिली नव्हती, मुलाच्या लग्नातही नाही. ग्रहांवरून दोन जीवांचं पटेल की नाही ठरवणं हा त्यांच्या मते निव्वळ अडाणीपणा. पण टाकीवरच्या भिंतीला त्यांनी एक तक्ता लावलाय. उभे मासे, आडवे मासे, आणि जिथे दोघांची गाठ पडेल तिथे रंगीत चौकोन. हिरवा म्हणजे नांदतील. लाल म्हणजे एक दुसऱ्याला खाईल. पिवळा म्हणजे ‘सावधगिरीने’. पत्रिकेत निदान छत्तिसातले किती गुण जुळले याचा आकडा तरी हातात येतो. या पिवळ्या चौकोनात माझ्या ओळखीचे बहुतेक संसार बसतील. क्लीनर रॅस हा मासा आणि शिंपला यांच्या गाठीचा चौकोन पिवळा होता. काकांनी तो वाचला आणि आपल्याला लागू नाही असं ठरवलं, कारण सावधगिरी तर त्यांच्या अंगातच आहे.

क्लीनर रॅस म्हणजे बोटाएवढा निळसर मासा, डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. समुद्रात हा प्रवाळावर दुकान मांडतो. मोठमोठे मासे येऊन ताटकळतात, तोंड वासून उभे राहतात, आणि हा बहाद्दर थेट त्यांच्या जबड्यात, कल्ल्यांत शिरून परजीवी वेचतो. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड आयलंडवर अलेक्झांड्रा ग्रटर या संशोधिकेने हिशोब मांडला, तर एक मासा दिवसाला सुमारे 1200 परजीवी खातो असं निघालं. हा आकडा वाचून काकांना भरून आलं. टाकीत सफाईला कायमचा माणूस ठेवल्याच्या थाटात त्यांनी मासा आणला.

आता 1200 परजीवी आणायचे कुठून? टाकीत मोजके पाच-सहा मासे, आणि काकांची शिस्त अशी की त्यांतला प्रत्येक जण आधी वेगळ्या टाकीत विलगीकरणात राहून, तपासून, निर्जंतुक होऊनच आत आलेला. सफाईवाला कामावर हजर झाला तेव्हा घर लख्ख होतं. शिवाय या माशाची एक खाजगी आवड आहे, ती त्याच्या जाहिरातीत सहसा येत नाही. परजीवींपेक्षा त्याला गिऱ्हाइकाच्या अंगावरचा चिकट स्राव जास्त आवडतो. रेडुआन बशारी आणि ग्रटर यांच्या प्रयोगांत हे दिसलंय, आणि 2006 मध्ये त्यांनी हेही दाखवलं की पुढचं गिऱ्हाईक बघत असेल तर हा मासा सभ्यपणे वागतो, कुणी बघत नसेल तर लचका तोडतो. काकांनी ही माहिती मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत सहज म्हणून सांगितली. खजिनदार बैठक सोडून का गेले, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

तर रिकामा सफाईवाला, आणि समोर चिकट स्रावाने माखलेली निळी झालर, पळून न जाणारी. तो टोचायचा, शिंपला मिटायचा. उघडला की पुन्हा टोचायचा. टोचण्याची जखम तशी किरकोळ असते. पण मिटलेल्या शिंपल्याच्या झालरीला उजेड मिळत नाही, उजेड नाही म्हणजे अन्न नाही, आणि उपासमार किरकोळ नसते.

अशा वेळी या जातीचा माणूस कसा वागतो ते पाहण्यासारखं असतं. आधी काका म्हणाले, तो टोचत नाहीये, साफ करतोय. शिंपल्याला बरं वाटतंय म्हणून तो डोळे मिटतोय. शिंपल्याला एवढे शेकडो डोळे असल्यामुळे हा युक्तिवाद दोन दिवस टिकला. मग त्यांना संशय आला की हा मासाच तोतया आहे. ही शंका अगदीच हवेतली नव्हती. ॲस्पिडॉन्टस नावाचा एक लबाड मासा हुबेहूब क्लीनर रॅसचा वेष घेऊन फिरतो, माशांचे पर कुरतडतो आणि महाशिंपल्यांची झालरही खातो. दोघांत फरक तोंडाचा: खऱ्याचं तोंड समोर, म्हणजे मुस्कटाच्या टोकाला, आणि तोतयाचं खाली, मुस्कटाच्या पोटात. काका भिंग घेऊन एक अख्खा रविवार टाकीसमोर बसले. तोंड टोकालाच होतं. गुन्हेगार अस्सल निघाला.

मग गोगलगायींवर ठपका गेला. तांदळाच्या कणीएवढ्या काही पांढऱ्या गोगलगायी रात्री शिंपल्याच्या कडेला चिकटून त्याचा रस शोषतात, हे खरं आहे. काकांनी रात्री शिंपला बाहेर काढून ब्रशने घासला. ब्रश दात घासायचा होता, आणि काकांचा नव्हता. गोगलगाय एकही सापडली नाही. दुकानदाराने सुचवलं, कॅरिबियनमधला निऑन गोबी ठेवा. त्याची पैदास टाकीतच होते, दिलेलं खाणं खातो आणि शिंपल्याच्या वाटेला सहसा जात नाही. काका मान डोलावून परत आले आणि घरी येऊन म्हणाले, “माझा प्रश्न तत्त्वाचा आहे.”

शेवटी रॅसला पकडायचं ठरलं. प्रवाळाच्या टाकीत मासा पकडणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. जाळी आत गेली की मासा खडकामागे, खडक हलवावा तर तासन्‌तास लावून बसवलेली प्रवाळं कोसळणार. रात्री टॉर्च घेऊन गेले, तर हा खडकाच्या फटीत आत, स्वतःभोवती चिकट आवरण गुंडाळून निवांत झोपलेला. काकांनी प्लास्टिकच्या बाटलीचा सापळा केला. त्यात बाकी सगळे मासे एकेकदा सापडले.

हे सगळं काकू जिन्यावरून पाहत होत्या. त्या दिवशी कोलंबी करायची होती. मीठ-हळद लावायच्या आधी त्यांनी एक कोलंबी बाजूला काढली, अगदी बारीक चिरली आणि टाकीत टाकली. रॅस झेपावला. संध्याकाळी पुन्हा टाकली. दुसऱ्या दिवशी काकू जिन्यावर दिसल्या की तो काचेशी येऊन नाचायला लागला. “पोटात काही नाही म्हणून टोचत होता,” काकू म्हणाल्या आणि वर गेल्या. प्रश्न न विचारणाऱ्या बाईचं एकच वाक्य.

टोचणं पूर्ण थांबलं नाही. कधीमधी चाळा म्हणून तो अजून जातो. पण शिंपला दिवसातला बराच वेळ उघडा असतो, आणि काका जेव्हा वाकत नाहीत तेव्हा तर पूर्ण. काकांनी वहीत नवं पान सुरू केलंय, ‘फीडिंग प्रोटोकॉल’ या नावाने, दिवसातून चार वेळा, ग्रॅममध्ये. त्यात कोलंबीचा उल्लेख आहे, काकूंचा नाही.

परवा मंडळाच्या कोजागिरीला एका सद्‌गृहस्थांनी काकांना बाजूला घेतलं. मुलीसाठी स्थळ आलं होतं, मुलगा काकांच्याच ऑफिसात, तर जरा माहिती हवी होती. शिक्षण, पगार, घराणं सगळं ऐकून काकांनी दुधाचा पेला खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, “दिवसातून किती वेळा जेवतो?”