ताटली उभी, काटा आडवा

इंग्रजीतला 'पुट' हा फार निवांत शब्द आहे. पुस्तक, किल्ली, साखर, काहीही कुठेही 'पुट' करा, तो हूं की चूं करत नाही. 'पुट इट ऑन द टेबल' म्हणताना त्या 'इट'ची चौकशी कोणी करत नाही. तेच वाक्य जर्मनमध्ये न्यायचं म्हटलं की मात्र पंचनामा सुरू होतो. वस्तू उभी राहणार असेल तर 'श्टेलन', आडवी पडणार असेल तर 'लेगन', बसणार असेल तर 'झेत्सन', कशात खुपसायची असेल तर 'श्टेकन', टांगायची असेल तर 'हेंगन'.

बाटली उभी, पेन आडवं, इथवर ठीक. पुस्तक कपाटात उभं आणि टेबलावर आडवं, हेही पटतं. पण ताटली? जन्मात कधी ताठ न झालेली, पसरट ताटली जर्मन टेबलावर उभी असते. शेजारचे काटा-सुरी मात्र आडवे. कारण ताटलीला बूड असतं आणि बुडावर नीट टेकलेली वस्तू जर्मनांच्या लेखी उभीच. उंचीशी त्यांना कर्तव्य नाही. तीच ताटली उपडी घातली की आडवी होते. पलंगाला पाय, म्हणून तो उभा. चादर बिचारी आडवी. मोटार रस्त्यावर उभी, पण अख्खं कलोन शहर ऱ्हाइनच्या काठी पहुडलेलं.

न दिसणाऱ्या गोष्टींचीही यातून सुटका नाही. जर्मनमध्ये साधा प्रश्न विचारायचा तरी तो उभा करावा लागतो. (आपल्याकडे प्रश्न उभा केला की सभेत गोंधळ होतो.) आशा कोणावर तरी बसवतात आणि महत्त्व आडवं ठेवतात. ते उभं का नाही, हे विचारायच्या भरीस पडू नये.

मराठी माणसाने तर कुरकुर करूच नये. आपण टोपी घालतो, फेटा बांधतो, साडी नेसतो, गजरा माळतो, टिकली लावतो. इंग्रज या सगळ्याला 'पुट ऑन' म्हणून मोकळा. जर्मनमध्ये टोपी नि चष्मा 'आउफझेत्सन', टाय 'उमबिंडन' म्हणजे भोवती बांधणं, अंगठी 'आनश्टेकन'. फेटा बांधणाऱ्याला यातलं 'उमबिंडन' समजावून सांगावं लागत नाही.

खरी पंचाईत यंत्रांच्या माहितीपुस्तिका जर्मनमध्ये नेताना. 'हे उपकरण कोरड्या जागी पुट करा.' उपकरण मिक्सरसारखं की मोबाइलसारखं, हे कळल्याशिवाय क्रियापद पुढे सरकत नाही, आणि चित्र बहुधा सोबत नसतं. मजकूर लिहिणाऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, कसंही ठेवा! घरगुती बोलण्यात जर्मनांनी स्वतःसाठी एक चोरवाट राखलीय, 'टून', म्हणजे नुसतं 'करणं'. साखर चहात टून, मोजे कपाटात टून. छापील मजकुरात ते शोभत नाही. तिथे मी 'प्लात्सीरन' लिहून टाकतो. तो फ्रेंचांकडून आलेला पाहुणा आहे, घरच्या भानगडींत पडत नाही.