पाटीमागचा माणूस

पुण्यातली पाटी वाचणाऱ्याचा अपमान करते. मुंबईतल्या पाटीला ही चैन परवडत नाही, कारण तिला मुळात कुणी वाचतच नाही. दादरच्या पुलावरून धावत उतरलेला माणूस बरोबर इंडिकेटरखाली उभा राहतो आणि शेजारच्याला विचारतो, "ठाणे स्लो कुठली?" शेजारचाही मान वर न करता म्हणतो, "हीच."

तरीही आमच्या गिरगावात पाट्यांना भिंती पुरत नाहीत. याचं कोडं मला आमच्याच चाळीत उलगडलं. पाटी सगळ्यांसाठी नसतेच. ती एका माणसासाठी असते, भिडेखातर नाव तेवढं गाळलेलं असतं. ‘गॅलरीतून पाणी ओतू नये’ ही दुसऱ्या मजल्यावरच्या आजींसाठी. त्या तुळशीला पाणी घालताना खालून जाणाऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टालाही घालतात. ‘जिन्यात सायकल ठेवू नये’ ही तळमजल्यावरच्या एकुलत्या एक सायकलवाल्यासाठी. पाहुण्यांना त्यात नियम दिसतात, चाळकऱ्यांना चरित्रं.

हे एकदा कळलं की कुठलीही पाटी साधी वाटत नाही. इराण्याच्या हॉटेलात ‘केस विंचरू नयेत’ असं लिहिलेलं असलं की मला तो पहिला आरोपी दिसू लागतो. समोर पानी कम चाय, भिंतीवर भलामोठा आरसा, खिशात कंगवा. मोह कुणाला आवरेल? पण शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी ब्रून मस्का उघडा पडलेला असणार. धोबीतलावच्या बस्तानीमधल्या अशाच सूचनांवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता लिहिली. भांग पाडणारा साहित्यात अमर झाला आणि नाव उघड न होता सुटलाही.

रेल्वेतल्या पाट्या मात्र कायद्याच्या भाषेत बोलतात, म्हणून त्यांचा कीसही तसाच पडतो. एकदा भायखळ्याहून सुटलेली आमची फास्ट करी रोडवरून धडधडत पुढे गेली आणि एक काका दचकून जागे झाले. लालबागला घर, पण चढले होते फास्टमध्ये. त्यांनी साखळीखालची सूचना चष्मा लावून वाचली आणि जाहीर केलं, "विनाकारण ओढू नये, असं लिहिलंय. मला कारण आहे."

डब्याचं कोर्ट झालं. एक म्हणाला, झोप हे कारण धरत नाहीत. दुसरा म्हणाला, पण घर जवळ आल्यावर गाडी थांबावी असं वाटणं नैसर्गिक आहे. तिसऱ्याने शिक्षा वाचून दाखवली: हजार रुपयांपर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. दारातला एक पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, दादरहून परत यायचं तिकीट पाच रुपये आहे." खटला निकालात निघाला, तोवर दादरही आलं.

दादरच्या एका पाटीमागे तर मी स्वतः आहे. पूर्वी तिथे वेस्टर्नला एक नंबरचा फलाट होता आणि सेंट्रललाही. चिपळूणहून आलेल्या मामांना मी सांगितलं, "एक नंबरवर या, पुलाखाली." मग अर्धा तास आम्ही फोनवर एकमेकांना खोटं पाडत होतो.

"अरे, मी एकवरच उभा आहे!"

"मामा, मीपण एकवरच आहे!"

"मग दिसत का नाहीस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोघंही खरं बोलत होतो, आणि मामांच्या खांद्यावरचा फणस दर मिनिटाला जड होत होता. ९ डिसेंबर २०२३ पासून सेंट्रलच्या फलाटांना ८ ते १४ असे नंबर मिळाले आणि जुना एक आठ झाला. रेल्वेने कारण काहीही दिलेलं असो, त्या आठच्या आकड्यात मला तो फणस दिसतो.

हा किस्सा मी जिन्यात बऱ्याच जणांना सांगितला आहे. गेल्या आठवड्यात तिथे नवी पाटी लागली: ‘सकाळी जिन्यात उभे राहून रेल्वेच्या गोष्टी सांगू नयेत. लोकांच्या गाड्या चुकतात.’

मी पाटीखाली उभा राहून बूट घालणाऱ्या शेजाऱ्यांना विचारलं, "कोण हो हा माणूस?"

मान वर न करता ते म्हणाले, "तुम्हीच."