बोईसरचा गोल्फपटू

बोईसरचा गोल्फपटू तारापूर औद्योगिक वसाहतीत आढळतो. गोल्फचे मैदान मात्र तेथे आढळत नाही. वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनतो, रंगांची रसायने बनतात, लोखंड आणि कापड बनते, पलीकडे किनाऱ्यावर १९६९ पासून अणुवीज बनते. मैदान नसण्याचे कारण हिशेबाचे आहे. अठरा होलच्या मैदानाला साधारण सव्वाशे एकर जमीन लागते. सव्वाशे एकर म्हणजे पाच लाख चौरस मीटर, म्हणजे हजार मीटरचे पाचशे प्लॉट. हा भागाकार येथील कोणताही कारखानदार हातातला कप खाली ठेवण्याआधी करतो, आणि उत्तर आल्यावर गोल्फवरचे आपले प्रेम दुसऱ्याच्या जमिनीवर व्यक्त करायचे ठरवतो. त्यात वाढवण बंदराचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले, बुलेट ट्रेनचे स्थानक बोईसरला होऊ घातले आहे. अशा जमिनीवर गवत वाढवणे म्हणजे वेडेपणाच. सिडकोने खारघरला डोंगराच्या पायथ्याशी गोल्फचे मैदान केले. पालघरला त्याच सिडकोने जिल्हा मुख्यालय बांधले. २०१४ मध्ये जन्मलेल्या या जिल्ह्याच्या वाट्याला कचेऱ्या आल्या. सूर्या नदीचे पाणी कोणाला किती, यावर जेथे आधीच मोर्चे निघतात, तेथे हिरवळीला पाणी मागायला जाईल असा शूर माणूसही अद्याप पुढे आलेला नाही.

या प्रकारातील व्यक्ती चाळिशी ओलांडलेली, बहुधा पुरुष आणि हमखास पाठदुखीने त्रस्त असते. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असल्यामुळे आपण विस्मरणात जातो आहोत असे वाटणारा जनरल मॅनेजर हा यातील मुख्य वर्ग. वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेला धंदा आता ‘ग्रुप’ म्हणून ओळखला जावा असे वाटणारा मुलगा हा दुसरा. अभ्यासकाने खरे लक्ष द्यावे ते तिसऱ्याकडे, म्हणजे सप्लायरकडे. तो ड्रम, सॉल्व्हेंट, गास्केट किंवा बॉयलरचे सुटे भाग पुरवतो आणि गिऱ्हाईक जे करील ते करतो. गिऱ्हाईक विपश्यनेला गेले तेव्हा तो इगतपुरीला दहा दिवस गप्प बसून आलेला असतो. मॅरेथॉनची लाट आली तेव्हा पालघर-बोईसर रस्त्यावर पहाटे धावताना दिसलेला असतो. गोल्फ ही त्याची तिसरी किंवा चौथी साधना होय.

लागण बहुधा एका वाक्यातून होते. वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीनंतर लिफ्टमध्ये कोणीतरी सांगते की मोठे साहेब रविवारी खेळतात. घरी हे जाहीर झाल्यावर प्रतिसाद थंड असतो. नाशिकला ‘गोल्फ क्लब’ म्हणून ओळखले जाणारे मैदान आहे. तेथे सभा होतात, क्रिकेटचे सामने होतात, लोक पहाटे चालतात, पण गोल्फ होत नाही. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची गोल्फविषयीची माहिती बरीचशी या मैदानावर बेतलेली आहे. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळला, हे सांगून घरच्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न होतो. त्यावर, तो रोज सराव करतो, हे उत्तर मिळते.

धंद्यासाठी हाच खेळ का, याचे उत्तर घड्याळात आहे. अठरा होल पुरे करायला चार ते साडेचार तास लागतात. सामान्य खेळाडू तेवढ्यात शंभरेक फटके मारतो. एका फटक्याला दोन सेकंद धरली तर चेंडू मारण्यात साडेतीन मिनिटेही जात नाहीत. उरलेला सगळा वेळ चालण्याचा आणि बोलण्याचा. चौघांचा गट एकदा निघाला की मधूनच कोणाला सटकता येत नाही. क्रिकेटमध्ये ही सोय नाही. तेथे साहेब बावीस यार्डांवर उभे असतात आणि त्यांच्याशी साधायचा एकमेव संवाद म्हणजे चेंडू; तो जोरात टाकला तर नोकरीला धोका, हळू टाकला तर हेतू उघड. गोल्फचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १४५७ सालचा मानतात. स्कॉटलंडच्या संसदेने तो खेळ बंद करण्याचा हुकूम काढला होता, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ खेळत बसत. कामाच्या वेळी दुसरीकडे असण्याची ही परंपरा साडेपाचशे वर्षांहून जुनी आहे.

दुसरी सोय हँडिकॅपची. बहात्तर फटक्यांच्या मैदानावर चोवीस हँडिकॅपचा खेळाडू शहाण्णव फटक्यांत आला तरी हिशेबात तो बहात्तरच धरला जातो. २०२० पासून जगभर एकच पद्धत लागू झाली आणि हँडिकॅपची कमाल मर्यादा ५४ ठरली. त्यामुळे काल खेळू लागलेला प्लॅन्ट मॅनेजर तीस वर्षे खेळणाऱ्या संचालकाबरोबर कागदावर समान असतो. पगारपत्रकात अशी तरतूद नाही.

साहित्याची खरेदी अभ्यासाच्या आधी होते. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. नवखा माणूस चौदाच घेतो, कारण मर्यादा हे उद्दिष्ट मानण्याची सवय त्याला एप्रिल-मार्चच्या टार्गेटमुळे लागलेली असते. यांपैकी चार तो वापरतो. पिशवी गाडीच्या डिकीत राहते आणि कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला डिकी उघडून दाखवताना तिचा मोठाच उपयोग होतो. उजव्या हाताने खेळणारा हातमोजा फक्त डाव्या हातात घालतो. प्लॅन्टमध्ये एकाच हातात मोजा घालून कोणी फिरला तर सेफ्टी ऑफिसर मेमो देईल. येथे मात्र त्या एका मोज्यामुळे काही महिन्यांत उजवा हात रापतो आणि डावा गोरा राहतो. मुरलेला गोल्फपटू ओळखण्याची ही शास्त्रीय खूण होय. मीटिंगमध्ये दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसणारा माणूस दिसला की बाकीच्यांनी काय ते समजावे.

सराव हा या जीवनक्रमातील सर्वांत करुण टप्पा. गच्चीवर जाळी लावून तो होतो, किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर, जेथे समुद्रापर्यंत सगळाच बंकर, म्हणजे वाळूचा अडथळा. केळव्याच्या किंवा डहाणूच्या वाडीत ओळख असेल तर तेथे. चेंडूचा व्यास सुमारे ४३ मिलिमीटर, वजन ४६ ग्रॅमच्या आत, चिकूच्या झाडाखाली पडल्यावर तो सापडायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात वाडीवाल्याचा एकच प्रश्न विचारून होतो: “साहेब, हरवायचाच असेल तर मारता कशाला?” या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर गोल्फच्या साहित्यात नाही.

प्रत्यक्ष खेळासाठी चेंबूरला जावे लागते. तेथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. विलिंग्डन क्लब त्याहून जुना, १९१८ चा. पण तेथे सभासद होण्याची वाट पाहताना माणूस निवृत्त होतो, त्यामुळे त्याचे नाव केवळ आदराने घेतात. बोईसरचा गोल्फपटू कोठलाच सभासद नसतो. तो कोणाचा तरी पाहुणा असतो, आणि तो ‘कोणीतरी’ शोधण्यात पहिले वर्ष जाते. पहाटे साडेतीनला निघायचे, चिल्हार फाट्याला हायवे पकडायचा, मस्तान नाक्यावर चहा घ्यायचा नाही कारण वेळ नाही, खानिवडे टोल, आणि मग वर्सोवा पूल. घोडबंदरच्या त्या वळणावर ट्रेलर आडवा झाला की गोल्फपटूची कारकीर्द तेथेच तासभर थांबते. शंभर किलोमीटर पार करून तो चेंबूरला उतरतो आणि मोकळी हवा छातीत भरून घेतो. या हवेत एक गंमत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या २०१८ च्या क्रमवारीत तारापूर देशात पहिले होते. तेथून निघून गोल्फपटू जेथे येतो त्या चेंबूरच्या एका अंगाला खतांचा कारखाना, दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरण आणि पलीकडे ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र. म्हणजे अणू आणि रसायन सोडून तो अणू आणि रसायनाकडेच येतो. मधल्या गवताचे मात्र पैसे पडतात.

मैदानावरील वर्तनाचे मुख्य तत्त्व योग्य फरकाने हरणे हे होय. वीस फटक्यांनी हरलेला माणूस वेळ खाणारा ठरतो. जिंकलेला माणूस पुन्हा बोलावला जात नाही. दोन-तीन फटक्यांचा पराभव आदर्श. त्यासाठी शेवटच्या तीन होलमध्ये चेंडू झाडीत घालण्याचे जे कौशल्य लागते, ते चेंडू सरळ मारण्यापेक्षा अवघड आहे. सुदैवाने बहुतेकांना ते उपजत असते. होल-इन-वन, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू भोकात, ही आपत्ती समजावी. प्रथेनुसार पराक्रम करणाऱ्यालाच क्लबात सगळ्यांना पाजावे लागते. जपानमध्ये या खर्चासाठी विमा मिळतो. साहेबांच्या देखत असा फटका बसण्यावर मात्र विमा नाही.

‘गिमी’ हे दुसरे साधन. चेंडू भोकापासून हातभर अंतरावर आला की प्रतिस्पर्धी म्हणतो, राहू द्या, गेलाच समजा. मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकण्याच्या प्रकारात, नियमही त्याला परवानगी देतात. १९६९ च्या रायडर कपमध्ये शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा असाच छोटा फटका सोडून दिला आणि स्पर्धा बरोबरीत सुटली. अमेरिकेचा कर्णधार सॅम स्नीड त्यावर नाराज झाला. खेळातील दिलदारपणाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगतात, आणि बोईसरच्या गोल्फपटूला तो पाठ असतो. फरक इतकाच की निकलसला जॅकलिनकडून पुढची ऑर्डर नको होती. येथे गिमीचे अंतर पदानुसार बदलते. मॅनेजरला एक फूट, व्हाइस प्रेसिडेंटला तीन. मालक हिरवळीवर पोचले की पुरे.

हे सगळे ज्याला खरोखर समजते तो कॅडी. पिशवी तो उचलतो, चेंडू तो शोधतो, वाऱ्याची दिशा तोच सांगतो. दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी अली शेर १९९१ आणि १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकला, तेव्हा या वर्गाला खेळ येत नाही असे म्हणण्याची सोय नाही. कोण कोणाला मुद्दाम हरतो आहे, कोणती भागीदारी फुटणार, कोणाचे पेमेंट अडले, हे कॅडी चालता चालता ऐकतो आणि “साहेब, थोडं डावीकडे” एवढेच बोलतो. औद्योगिक सल्लागार याच माहितीचे तासावर पैसे घेतात.

आता फलनिष्पत्ती. चेंबूरला चौघांच्या गटात बोईसरच्या गोल्फपटूला जो तिसरा-चौथा भिडू मिळतो, तो पुष्कळदा बोईसरचाच निघतो. तो शेजारच्या प्लॉटवरचा असतो. दोघांच्या कारखान्यांची मागची भिंत एक असते आणि त्या भिंतीलगतच्या सांडपाण्याच्या चेंबरमध्ये येणारे रंगीत पाणी कोणाचे, यावर दोघांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालू असतो. प्रती एमआयडीसीला आणि प्रदूषण मंडळाला. प्लॉटच्या गेटपासून गेटपर्यंत दोन मिनिटांची वाट असते, पण ती कोणीच चाललेले नसते. बाराव्या होलवर, दोघांचेही चेंडू एकाच झुडपात गेल्यावर, ते पहिल्यांदा बोलतात. पंधराव्या होलपर्यंत चेंबरचा खर्च निम्मा-निम्मा ठरतो. हे गोल्फचे यश मानावेच लागेल. मात्र ते चार तास पळून जाता न येण्याचे यश आहे, आणि ती सोय बोईसरला स्वस्तात उपलब्ध आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली. बोईसर ते चर्चगेट दोन तासांहून अधिक वेळ माणूस जागचा हलू शकत नाही. त्या डब्यांत नोकऱ्या लागल्या आहेत, लग्ने जमली आहेत, रिकामे शेड भाड्याने गेले आहेत. पासावर हँडिकॅप लिहिलेला नसतो, तरी चौथ्या सीटवर कोणी किती टेकायचे याचे नियम कोणत्याही क्लबापेक्षा कडक आहेत.

बढतीचा पुरावा संमिश्र आहे. साहेबांबरोबर खेळून काही जण खरेच वर गेले. काहींची त्या ओळखीमुळेच दहेजच्या नव्या प्लॅन्टवर रवानगी झाली, कारण साहेबांना ऐन वेळी एकच नाव आठवले. बाकीच्यांना स्लिप डिस्क झाली आणि पिशवी माळ्यावर गेली. सप्लायरची स्थिती सर्वांत स्पष्ट आहे. चेंबूरच्या हिरवळीवर त्याला “बघू, नक्की करू” असा शब्द मिळतो आणि तो प्रामाणिकपणे दिलेला असतो. परचेस ऑर्डर मात्र बोईसरच्या प्लॅन्टमधले परचेस खाते काढते. तेथला माणूस पालघरहून रोज सकाळच्या गाडीने येतो, गोल्फ खेळत नाही, तीन कोटेशन मागवतो आणि सर्वांत कमी दराचे घेतो.