पट्टेवाले

आमच्या सोसायटीत काकांना ‘पट्टेवाले’ म्हणतात. अर्थात पाठीमागे. काका तरी समोर सापडतात कुठे? ते कायम ओढले जात असतात. पुढे ब्रूनो नावाचा पस्तीस किलोंचा लॅब्रडॉर, मध्ये ताणलेला पट्टा आणि पट्ट्याच्या शेवटी तिरके झालेले काका. निवृत्त होईपर्यंत ते फोर्टातल्या एका कचेरीत साहेब होते. केबिनबाहेर स्टुलावर खराखुरा पट्टेवाला बसायचा. काकांनी घंटी दाबली की तो उठायचा. आता पहाटे पाचला ब्रूनो भुंकतो आणि काका उठतात.

ब्रूनो मूळचा मुलाचा. मुलगा कॅलिफोर्नियाला गेला आणि इकडे एक सायकल, एक गिटार आणि एक कुत्रा ठेवून गेला. पहिल्या दोन गोष्टी काकांनी माळ्यावर टाकल्या. पुढे मुलानं व्हिडिओ कॉलवर तिकडचं कुत्र्यांचं मैदान दाखवलं. भोवती कुंपण, दुहेरी फाटक आणि आत सगळी कुत्री सुटी. बर्कले गावात असं मैदान १९७९ सालापासून आहे, हेही त्यानं सांगितलं. झालं! ब्रूनोला एकदा तरी पट्ट्याविना पळताना बघायचं, हा ध्यास काकांनी घेतला. “अमेरिकेचं सोडा,” ते लिफ्टमध्ये मला अडवून म्हणाले, “हैदराबादच्या महापालिकेनं २०१८ साली कोंडापूरला कुत्र्यांची बाग केली. डोंबिवलीच्या कुत्र्यांनी कुणाचं घोडं मारलंय?”

बत्तीस वर्षं लोकलनं गेलेला माणूस मोकळी जागा हेरण्यात तयार झालेला असतो. ठाण्याला कोण उतरणार, हे काका समोरच्याच्या पिशवीवरच्या पकडीवरून सांगत. तीच विद्या त्यांनी मैदानांना लावली. खिशात डायरी, तिच्यात रकाने आखलेले: स्थळ, वेळ, गर्दी, शेरा.

‘भागशाळा मैदान, पहाटे ५.१०. ज्येष्ठ नागरिक डावीकडून उजवीकडे फिरतात. ब्रूनो उजवीकडून डावीकडे. दोन आजोबांशी बाचाबाची.’

‘भोपरची टेकडी, ६.००. पक्षिनिरीक्षक. एकाने शुक्‌शुक् केले. पक्ष्याला की मला, ते कळले नाही.’

‘कल्याण, दुर्गाडीजवळ खाडीकाठ, ७.१५. चिखल उत्तम. परतीस रिक्षा मिळेना.’

‘ठाणे, उपवन तलाव, रविवार. ब्रूनोबरोबर अकरा जणांनी फोटो काढले. माझ्याबरोबर कोणी नाही.’

‘येऊर. बेत रद्द.’ हा शेरा शहाणपणाचा होता. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथले बिबटे कुत्री आवडीनं खातात. तिथे पट्टा सोडणं म्हणजे पान वाढणंच.

प्रवासाच्या तऱ्हा निराळ्याच. शेअर रिक्षावाला म्हणाला, “याचं सीट लागेल.” काका म्हणाले, “चार वर्षांचा आहे. रेल्वेत पाचच्या आत फुकट असतं.” रिक्षावाल्यानं ब्रूनोकडे नीट पाहिलं आणि दोन सीटांचे पैसे घेतले.

खरी अडचण माणसांची नव्हतीच. एखादं मैदान रिकामं दिसलं, काकांचा हात पट्ट्याच्या कडीकडे गेला, की कोपऱ्यातून चार गावठी उठायची. त्यांच्या गळ्यात पट्टा नाही, मागे काका नाहीत, शहरभर सुटी. त्यांच्या दृष्टीनं कल्याण-डोंबिवली हे कुत्र्यांचं मोकळं मैदानच, फक्त त्यात ब्रूनोला प्रवेश नव्हता. काकांना मात्र त्यांचा राग येत नसे. “आमच्या डब्यातही असंच होतं,” ते म्हणत. “आमच्या ग्रुपच्या जागेवर नवखा बसला की आम्ही कुठे कमी गुरगुरायचो!”

खिशात डायरीबरोबर पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना असतात, प्लॅस्टिकच्या पाकिटात. सोसायटीच्या सभेत काका त्या खणखणीत वाचतात: कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. पुढे सार्वजनिक ठिकाणी पट्टा लावण्याचा सल्ला येतो. तिथे त्यांना खोकला येतो आणि कागदाची घडी होते.

त्यांनी आणखी एक आध्यात्मिक बाजूही तयार ठेवली होती. “दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत. एकाला तरी पट्टा आहे का?” यावर काकूंनी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, “नामदेव कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. तुम्ही काय घेऊन धावता, ते सांगा सभेला.” काकांनी हातातली प्लॅस्टिकची पिशवी खिशात घातली.

मग त्यांना तो शोध लागला. वर्षातून एका पहाटे डोंबिवलीतली सगळी मैदानं ओस पडतात, कारण नटूनथटून निघालेलं सगळं गाव त्या वेळी फडके रोडवर असतं. नरक चतुर्दशी! काकांनी डायरीत तारखेभोवती लाल गोल केला. आदल्या दिवशी मागच्या मैदानाची पाहणी केली, काचा वेचल्या. गावठींच्या पुढाऱ्याला बिस्किटाचा पुडा देऊन बोलणीही केली.

त्या पहाटे मी फडके रोडला निघालो होतो. वाटेत मैदान लागलं. काकांचा हिशोब चोख होता. मैदानात चिटपाखरू नव्हतं. मधोमध काका उभे. अभ्यंगस्नान झालेलं, अंगात नवा झब्बा, हातात पट्टा. पट्ट्याचं दुसरं टोक जमिनीला टेकलेलं.

“ब्रूनो कुठंय?” मी विचारलं.

तेवढ्यात कुठेतरी हजाराची माळ लागली. ती संपेपर्यंत काका थांबले. मग आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे, जिथे मधल्या खोलीत मोठी कॉट आहे, तिकडे पाहत म्हणाले,

“आज मोकळा सोडलाय.”