वार बघून मायोर्का

ड्युसेलडॉर्फ,
ऑक्टोबरअखेर

तीर्थरूप बाबांना,


काल फोनवर आईंनी तुम्हाला "बेट बघितलं, चारी बाजूंनी पाणी आहे" एवढंच सांगितलं आणि लगेच गॅसच्या नंबरावर घसरल्या. म्हणून हे पत्र.

मायोर्का हे भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट. राहणारी माणसं साडेनऊ लाखांच्या आसपास आणि वर्षाला येणारे पाहुणे कोटीच्या वर. घरभाडी गगनाला भिडली म्हणून तिथले लोक आता मोर्चे काढतात. पाहुण्यांत जर्मन इतके, की जर्मनीत सोळा राज्यं असताना या बेटाला थट्टेने सतरावं म्हणतात. निखिलच्या ऑफिसातल्यांनी चांगल्या किनाऱ्यांची भलीमोठी यादी दिली होती. आईंनी ती चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "यांच्यात बाजार कुठल्या वारी भरतो?"

भरतो हो बाबा! गावागणिक वार ठरलेला. बुधवार सिनेउचा, गुरुवार इंकाचा, शनिवार सोयेरचा, रविवार पोयेन्साचा. मग काय, यादी आमच्या ओवीला चित्रं काढायला मिळाली आणि आम्ही वार बघून हिंडायला लागलो.

सिनेउ बेटाच्या मधोमध आहे, समुद्राचा वाराही लागत नाही. तिथला बाजार १३०६ साली राजाने परवानगी दिली तेव्हापासूनचा. चर्चच्या खालच्या अंगाला मेंढ्या, शेळ्या, कोंबड्या, ससे. आईंनी एका शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, वाकून कास बघितली आणि मालकाकडे बघून मान हलवली. त्यानेही हलवली. दोघांत काय ठरलं देव जाणे, पण निखिल घाईघाईने मध्ये पडला.

शेळी वाचली, टोमॅटो नाही. तिथे एक जाड सालीचा छोटा टोमॅटो होतो. त्याच्या दोऱ्यात ओवून माळा करतात आणि घरात टांगून ठेवतात, महिनोन्‌महिने टिकतो. आई त्या माळांपुढून हलेचनात. हाच टोमॅटो अर्धा चिरून पावावर घासतात, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ. झाली न्याहारी. "पावाला टोमॅटो पुसला आणि त्याचे पैसे घेतले," असं म्हणत आईंनी तीन तुकडे संपवले. दुपारी एक-दीडला सगळा बाजार आवरून गाव वामकुक्षीला गेलं. तेव्हा मात्र आईंना तुमची आठवण आली.

गोडाचा प्रश्न अवघड निघाला. एन्साइमादा नावाचा गोल वेटोळ्याचा, वर पिठीसाखर भुरभुरलेला पाव म्हणजे बेटाचा मान. विमानतळावर जो तो त्याचे अष्टकोनी खोके मिरवत असतो. पण तो डुकराच्या चरबीत करतात. निखिलने हे सांगितल्यापासून असं खोकं दिसलं की आई पदर सावरून बाजूने जायच्या. बदामाच्या आइस्क्रीमला त्यांची ना नव्हती. खरं सांगायचं तर दोनदा ना नव्हती.

वाल्देमोसाला मात्र बाजाराविना गेलो, कारण तिथली गोष्ट तुमच्या खात्याची आहे. १८३८ च्या डिसेंबरात शोपँ हा मोठा पियानोवादक तिथल्या जुन्या मठात राहायला आला. बरोबर लेखिका जॉर्ज साँ (हो, बाईच, टोपणनाव पुरुषाचं) आणि तिची दोन मुलं. पॅरिसहून मागवलेला पियानो पाल्मा शहराच्या जकातीत अडकला. पैशांवरून घासाघीस होता होता जानेवारी उजाडला, आणि फेब्रुवारीत मंडळी परतलीसुद्धा. आई म्हणाल्या, "यांना सांग, नाक्यावरचे लोक सगळीकडे सारखेच." सांगितलं.

पुढे त्यांनी विचारलं, "लग्न झालेलं होतं का त्यांचं?" नव्हतं. "चर्चमध्ये जात होते?" नाही. "मग गाव बोलणारच. आणि खोकल्याच्या माणसाला ऐन थंडीत दगडी मठात नेतं का कुणी?" त्या बाईंनी पुढे पुस्तक लिहून तिथल्या लोकांना यथेच्छ नावं ठेवली. आज तेच पुस्तक गावातल्या दुकानांत नाना भाषांत विकायला आहे. हा व्यवहार आईंना फार पटला.

सोयेरला १९१२ पासूनची लाकडी डब्यांची आगगाडी जाते, डोंगर पोखरून काढलेल्या तेरा बोगद्यांतून. संत्र्यांच्या व्यापाऱ्यांच्या पैशातून झालेली गाडी. आईंनी दशम्या सोडल्या, पण बोगदा आला की घास हातात तसाच धरून बसायच्या. पोयेन्साला टेकडीवरच्या देवळापर्यंत ३६५ पायऱ्या आहेत. गुडघ्यांमुळे आपल्या गणपतीच्या देवळात खुर्ची मागणाऱ्या आमच्या सासूबाई सगळ्या चढल्या. निखिल दोनशेच्या आसपास बसला होता.

पाल्माचं प्रचंड चर्च बांधायला तीनशे वर्षांच्या वर लागली. आईंचं मत: आपल्या पुलाचं काम म्हणजे वेळेतच चाललंय.

किनाऱ्यावरही एक दुपार काढली, ओवीने हट्टच धरला. आडव्या खुर्चीचं भाडं ऐकून आई त्यावर वसूल होईपर्यंत बसल्या, मांडी घालून, घेवड्याच्या शेंगा मोडत. शेजारच्या जर्मन आजींना ते बघवेना. त्यांनी आपली कादंबरी मिटून मूठभर शेंगा मागून घेतल्या. संध्याकाळपर्यंत भाजी निवडून झाली आणि दोघींनी आपापल्या सुनांविषयी काहीतरी बोलून घेतलं असावं, कारण दोघी माझ्याकडे बघून हसत होत्या.

आई दिवाळीच्या आधी पोचतील. सामानात पामच्या पानांच्या विणलेल्या दोन मोठ्या टोपल्या आहेत, एकीत ऑलिव्ह तेलाचा डबा. टोमॅटोच्या माळा तिकडच्या विमानात चालणार नाहीत म्हणून त्या इथे आमच्या बाल्कनीत टांगल्यात, पण बिया त्यांनी रुमालात वाळवून घेतल्यात. तेव्हा परसातली शेवंती काढून वाफा मोकळा ठेवा, असा निरोप आहे. आणि स्टँडवर रिक्षा नको, छोटा टेम्पो सांगा.

आपली,
मुक्ता