मताचा दाखला

गेल्या रविवारी आमच्या दारात पडलेल्या वर्तमानपत्रातून 'जातीनिहाय आर्थिक धोरणे आणि राष्ट्राचे भवितव्य' अशा भव्य मथळ्याची एक चारपानी पुरवणी निघाली. तीत आठ विद्वानांनी, परस्परांचा परिचय नसताना, एकाच क्रमाने, एकाच निष्कर्षावर आणि दोन ठिकाणी तर एकाच व्याकरणदोषासह पोहोचण्याचा जो चमत्कार करून दाखविला आहे, त्याविषयी आम्ही काही बोलणार नाही. कारण आमचे सारे लक्ष तिसऱ्या पानाच्या तळाशी, घडी नेमकी जेथे मोडते तेथे, खसखशीच्या दाण्याएवढ्या टाइपात छापलेल्या एका शब्दाने वेधून घेतले. तो शब्द 'जाहिरात' असा होता.

मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही जो शब्द भिंगाशिवाय दिसत नाही, तो छापण्यासाठी छापखान्यात स्वतंत्र खिळे ठेवलेले असावेत असा आमचा कयास आहे. मथळ्यातल्या 'भ'च्या पोटात तो सहकुटुंब राहिला असता. पण जाहिरात कोणाची, हे भिंगातूनही दिसेना. निवडणुकीच्या धामधुमीत एखाद्या उमेदवारासाठी छापलेल्या कपट्यावरसुद्धा मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते असलेच पाहिजेत, असे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२७-अ हे कलम सांगते. परंतु पुरवणीत कोणा उमेदवाराचे नाव नव्हते, केवळ राष्ट्राचे भवितव्य होते, आणि राष्ट्राचे भवितव्य कोणाच्या खर्चाने छापले हे सांगण्याचे बंधन या कलमाने कोणावर घातलेले नाही.

सोमवारी सकाळी नया बाजारातल्या एका पेढीच्या गादीवर ही पुरवणी हातोहात फिरत होती आणि आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली काही मराठी वडीलधारी मंडळी माना डोलावीत होती. 'अहो, शेवटी गुणवत्ता म्हणून काही चीज आहे की नाही?' असा सवाल ज्यांनी आमच्याकडे पाहून टाकला, त्या गृहस्थांच्या पणजोबांना छावणीबरोबर दक्षिणेतून आल्यावर दोन गावे इनाम मिळाली होती, आणि त्या सनदेत 'पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने' हे शब्द सुवाच्य मोडीत असून गुणवत्तेचा रकाना मात्र कारकुनाच्या नजरचुकीने राहून गेलेला आहे. आमच्याही घरच्या रुमालात तसाच एक कागद आहे, त्यामुळे आम्ही गप्प बसलो. मध्यभारतात जहागिरी खालसा करण्याचा कायदा १९५१ मध्ये झाला तेव्हा नुकसानभरपाईची तरतूद त्याच कायद्यात होती; ती घेताना कोणा जहागीरदाराने जन्मावर आधारलेल्या लाभाचा निषेध म्हणून रक्कम परत केल्याचे दप्तरात आमच्या तरी पाहण्यात नाही.

त्या पेढीसमोरच्या बोळात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे एक दुकान आहे. पुरवणीतल्या आठांपैकी एकाही विद्वानाने असल्या दुकानाची पायरी चढलेली नसावी. शिष्यवृत्तीसाठी आलेल्या मुलीला तेथे आधार लागते, मध्य प्रदेश सरकारची समग्र आयडी लागते (कुटुंबाची आठ आकडी निराळी आणि तिची स्वतःची नऊ आकडी निराळी), आधारला जोडलेले बँकेचे खाते लागते, उत्पन्नाचा दाखला लागतो, मूळ निवासी असल्याचा दाखला लागतो, आणि मग जातीचा. ती इतर मागासवर्गीय असेल तर तिच्या कुटुंबाचे १९८४ पासूनचे वास्तव्य सिद्ध व्हावे लागते. अनुसूचित जातीजमातीची असेल तर १९५० पासूनचे. आता १९५० साली ग्वाल्हेर मध्यभारत नावाच्या राज्यात होते आणि मध्य प्रदेशात ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी आले. तेव्हा जे राज्य त्या वर्षी या शहरापर्यंत पोहोचलेच नव्हते, त्याच्या हद्दीत आपले आजोबा राहत होते, याचा कागद नातीने पैदा करावयाचा असतो. आजोबा हातगाडी ओढीत होते. त्यांनी कागद ठेवला नाही, ही त्यांची गफलत.

सवर्ण गरिबालाही या कृपेतून वगळलेले नाही. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने त्याला १० टक्के मिळाले, परंतु केंद्राच्या निकषांप्रमाणे त्याचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, शेती ५ एकरांच्या आत आणि शहरातला फ्लॅट १००० चौरस फुटांच्या आत आहे, हे त्याने सिद्ध करावयाचे. (हाच ८ लाखांचा आकडा मागासवर्गीयांच्या रांगेत सधनतेची आणि सवर्णांच्या रांगेत दारिद्र्याची सीमा कसा ठरतो, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.) थोडक्यात, या देशात सरकारकडून काही हजार रुपये घ्यावयाचे असतील तर मनुष्याला आपली तीन पिढ्यांची फर्द सादर करावी लागते.

द्यावयाचे असतील तर मात्र असे काही नाही. विशेषतः सरकारला नव्हे, तर सरकार बनविणाऱ्यांना द्यावयाचे असतील तर. राजकीय पक्षाने २०,००० रुपयांवरील देणगीदारांची नावे कळवावीत असा कायदा आहे, म्हणजे १९,९९९ रुपये देणारा पुरुष कायद्याच्या दृष्टीने वाऱ्याची झुळूक आहे. झुळुकीने समाधान होईना म्हणून जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोखे निघाले: १,००० पासून १ कोटीपर्यंत, मुदत पंधरा दिवस, आणि रोख्यावर घेणाऱ्याचे नाव नाही. त्यावर एक क्रमांक असे, पण तो साध्या डोळ्यांना दिसत नसे. अतिनील दिव्याखाली धरला तरच उमटे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरविली. तरीही त्या कल्पक डोक्याला आमचा मुजरा आहे, कारण देणगी वाचण्यासाठी अतिनील दिवा आणि पुरवणी वाचण्यासाठी भिंग, अशी दोन उपकरणे नागरिकाच्या हाती दिल्यावर लोकशाही ही एक प्रयोगशाळाच होऊन जाते.

यावर आम्ही एक दरखास्त तयार केली आहे. लोकसेवा हमीचा कायदा देशात सर्वांत आधी, २०१० मध्ये, मध्य प्रदेशाने केला. त्या कायद्याच्या सूचीत एका नव्या सेवेची भर घालावी, ती म्हणजे 'मताचा दाखला'. जातीनिहाय आर्थिक धोरणांवर लिहू किंवा बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने, मग तो संपादक असो, वाहिनीचा सूत्रधार असो, विद्वान असो वा त्यांना पोसणारा दाता असो, हा दाखला तहसीलदारांकडून घेतल्याखेरीज तोंड उघडू नये. अर्जासोबत हे मत आपल्यापाशी १९८४ पासून, निदान शेवटचा धनादेश वटण्यापूर्वीपासून, वास्तव्यास आहे याचा पुरावा जोडावा; मत मूळ निवासी आहे की निवडणुकीच्या हंगामापुरते परगावाहून उतरले आहे, याची पटवाऱ्याने स्थळपाहणी करून रुजुवात घ्यावी; कॅमेरा बंद असतानाही हेच मत अर्जदाराच्या तोंडून ऐकले असल्याची साक्ष दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांनी पंच म्हणून द्यावी; मतापासून होणारे वार्षिक उत्पन्न ८ लाखांवर गेले तर अर्जदारास मतांच्या बाबतीत सधन समजून पुढील चर्चांतून वगळावे; आणि मंडळ निरीक्षकाने वर्तमानपत्राच्या कचेरीत फीत घेऊन जावे व वर्षभरात छापलेल्या राजकीय जाहिरातींचे क्षेत्रफळ १००० चौरस फुटांच्या वर भरल्यास त्या पत्राच्या 'निःपक्षपाती' या बिरुदाची जप्ती करावी. दाखल्याची मुदत एक वर्ष. परंतु मध्यंतरी सरकार बदलले आणि त्याबरोबर मतही बदलले, तर नव्याने शपथपत्र. बँकेच्या पासबुकावर नाव एका प्रकारे आणि स्तंभावर दुसऱ्या प्रकारे लिहिले असल्यास अर्ज विनासूचना दप्तरदाखल. रात्री नऊ वाजता सहा जणांना एकाच वेळी गप्प करणारा सूत्रधार त्या बोळात, तिसऱ्या दिवशी, झेरॉक्सची पिशवी पोटाशी धरून उभा आहे आणि आतून एक अठरा वर्षांचा पोरगा मान वर न करता 'सर्व्हर डाउन' एवढेच सांगतो आहे, हे दृश्य पाहावयास आम्ही तिकीटसुद्धा काढू.

त्या रांगेत त्याची गाठ कोणाशी पडेल, हेही सांगितले पाहिजे. या राज्यात २०१९ मध्ये इतर मागासवर्गीयांचे आरक्षण १४ वरून २७ टक्क्यांवर नेले गेले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२२ मध्ये असे सूत्र निघाले की भरतीचे ८७ टक्के निकाल लावावेत आणि १३ टक्के ठेवून द्यावेत. ठेवून द्यावेत म्हणजे काय, तर परीक्षा दिलेली, मुलाखत दिलेली, पंचविशी ओलांडलेली माणसे लखोट्यात बंद करून फडताळात ठेवावीत. त्यांत मागासवर्गीय आहेत तसे खुल्या वर्गाचेही आहेत. चार पाने, आठ विद्वान, आणि या तेरा टक्क्यांवर एक ओळ नाही! 'कोणाचा हक्क कोणी हिरावला' हा मथळा तेवढा आहे, कारण दोन गरीब एकमेकांकडे डोळे वटारून पाहू लागले की तिसऱ्याकडे कोणी पाहत नाही, हे पुरवणीचा खर्च करणाराला पक्के ठाऊक आहे. आणि निर्लज्जपणाची कमाल चौथ्या पानावर. तेथे पाऊण पान एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाने घेतले असून परदेशस्थांच्या कोट्यातल्या जागांसाठी 'त्वरित संपर्क साधा' असे आवाहन केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असल्या जागांना १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली. हे आरक्षणच की! पण ते थैलीचे, म्हणून त्याने गुणवत्तेला ताप येत नाही, राष्ट्राचे भवितव्य खोकत नाही, आणि आठांपैकी एकालाही पान उलटून पाहावेसे वाटत नाही. शेतमजुराच्या मुलीला पाच गुण कमी असले की पूल कोसळणार आणि रोगी दगावणार; धनिकाच्या मुलाला दीडशे कमी असले तर तो मात्र परदेशस्थ काकांच्या पुण्याईने शल्यविशारद! ही पुरवणी आम्ही जपून ठेवली आहे. कोणाला पाहावयाची असल्यास भिंग आमच्याकडून मिळेल.

असो. दरखास्त कागदावरच राहू नये म्हणून आम्ही त्या दुकानातल्या पोराकडून एक नमुना अर्ज भरवून पाहिला. अर्जदार म्हणून पुरवणीचा खर्च करणारा सज्जन कल्पिला होता. पहिल्याच चौकटीशी पोरगा थांबला.

'बाबूजी, नाम तो डालना पड़ेगा. इसके बिना आगे नहीं बढ़ेगा.'

नाव ठाऊक नसल्याने आम्ही 'एक राष्ट्रहितचिंतक' असे घालावयास सांगितले. यंत्राने ते निमूटपणे स्वीकारले आणि वडिलांचे नाव विचारले.